नवनिर्वाचित सुधारक अध्यक्ष आणि त्याच्यावरील राजकीय दडपणे
(महाड नगरपालिकेच्या उदाहरणावरून एक विवेचन)

प्रश्नाचे स्वरूप

सुधारणेचा पुरस्कार करणारी व्यक्ती एखाद्या संस्थेच्या अध्यक्षपदी निवडून आली म्हणजे सुधारणा आता होणारच, अशी समजूत सर्वसामान्य मतदारात आढळते. काही महिन्यांत ती समजूत मावळते आणि मग अध्यक्ष दुबळा निघाला, किंवा त्याने विश्वासघात केला, असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष प्रत्येक वेळी खोटा असतो असे नाही. परंतु तो बहुधा घाईचा असतो. अध्यक्षपद ही व्यक्तीची मालमत्ता नसून अनेक सत्तास्थानांच्या परस्परसंबंधांत ठेवलेली ती एक जागा असते. तेव्हा अध्यक्षाचे मूल्यमापन करण्यापूर्वी त्या जागेवर कोणकोणत्या दिशांनी दाब येतो याची शहानिशा करणे हे राज्यशास्त्राच्या अभ्यासकाचे पहिले कर्तव्य होय.

या प्रश्नाची चर्चा करताना दूरदेशीच्या राष्ट्राध्यक्षांची उदाहरणे सहज सुचतात. इराणमध्ये १९९७ साली महंमद खातमी सुमारे सत्तर टक्के मते मिळवून राष्ट्राध्यक्ष झाले आणि २००० साली संसदेतही सुधारणावाद्यांना बहुमत मिळाले. असे असूनही अध्यक्षांचे अधिकार वाढविणारे व निवडणुकीतील उमेदवारांची छाननी मर्यादित करणारे विधेयक, अशी दोन्ही विधेयके पालक मंडळाने अडविली आणि २००४ साली ती मागे घ्यावी लागली. मतदारांचा कौल आणि अंतिम नकाराधिकार या दोन गोष्टी निरनिराळ्या हाती असल्या म्हणजे काय घडते, याचे हे ठळक उदाहरण आहे. तथापि हाच पेच आपल्या कोकणात, एका लहानशा नगरपालिकेत, त्यापूर्वी सत्तर वर्षे उभा राहिला होता. आणि त्याची साधने आपल्याला अधिक जवळची आहेत. म्हणून प्रस्तुत लेखात महाडचे उदाहरण घेतले आहे.

बोले ठराव आणि महाड

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलने सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. ठराव शिफारशीच्या स्वरूपाचा होता. सरकारने तो आपल्या खात्यांना व स्थानिक संस्थांना कळविला. अंमलबजावणी मात्र त्या संस्थांच्या इच्छेवर राहिली.

कोकणातील परिस्थिती येथे ध्यानात घेतली पाहिजे. महाड त्या वेळी ब्रिटिश मुलखातील कुलाबा जिल्ह्यात होते. मालवण आणि वेंगुर्ले ही गावे रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणजे ब्रिटिश अमलाखालीच होती. परंतु त्यांच्यापासून फार दूर नसलेले कुडाळ सावंतवाडी संस्थानात मोडत असे. तेथे कौन्सिलच्या ठरावाला स्थान नव्हते. एकाच किनाऱ्यावरील, एकाच चालीरीतीच्या गावांना पाण्याच्या हक्काबाबत वेगवेगळे राज्यकर्ते होते. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर कुडाळ रत्नागिरी जिल्ह्यात आले, आणि १ मे १९८१ पासून ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे.

महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये बोले ठरावाला अनुसरून आपला ठराव केला आणि आपल्या ताब्यातील चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचे मान्य केले. पण सवर्णांच्या विरोधामुळे प्रत्यक्षात कोणीही अस्पृश्य त्या तळ्याचे पाणी भरू शकला नाही. ऑगस्ट १९२६ मध्ये बोले यांनी पुन्हा कौन्सिलमध्ये ठराव आणला : जी स्थानिक मंडळे या धोरणाची अंमलबजावणी करणार नाहीत त्यांचे अनुदान रोखावे. पहिल्या ठरावाची तीन वर्षे कशी गेली याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको.

अशा वेळी महाड नगरपालिकेचे अध्यक्ष म्हणून सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस पुढे आलेले दिसतात. ते चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातील होते. त्यांनी नगरपालिकेची सार्वजनिक ठिकाणे अस्पृश्यांना खुली असल्याचा पुरस्कार केला, आणि १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. भीमराव आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेला साहाय्य दिले. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे या परिषदेशी संबंधित असलेले अन्य प्रमुख कार्यकर्ते होत. ज्या गावात सार्वजनिक तळे होते त्याच गावात परिषदेच्या प्रतिनिधींसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० मार्च रोजी प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरण्याचा बेत असल्याची अफवा उठली, परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, आणि पुढे गोमूत्र, शेण, दूध व दही यांच्या घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली.

४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला.

दडपणांचे प्रकार

ज्या नगरपालिकेचा अध्यक्ष सुधारणेच्या बाजूचा, तिनेच सुधारणेचा ठराव मागे घ्यावा हे वरवर पाहता विसंगत दिसते. दडपणांची पृथक फोड केली म्हणजे ही विसंगती उरत नाही.

पहिले दडपण सभागृहाचे. नगरपालिका ठरावाने चालते आणि ठराव बहुमताने होतो. अध्यक्ष सभा चालवितो, पत्रव्यवहार करतो, संस्थेच्या वतीने बोलतो. परंतु सदस्यांचे बहुमत फिरले की त्याच्या मताची किंमत एका मताहून फारशी अधिक राहत नाही. सुधारणेचा ठराव ज्या रीतीने होतो त्याच रीतीने तो रद्दही होतो.

दुसरे दडपण मतदारसंघाचे. त्या काळी नगरपालिकेचा मताधिकार कर व मालमत्ता यांवर अवलंबून होता. ज्यांना पाणी हवे होते त्यांच्यापैकी बहुतेकांना मत नव्हते. ज्यांना मत होते त्यांच्यापैकी पुष्कळांना तळे खुले व्हावयास नको होते. सुधारणेचे लाभार्थी आणि संस्थेचे मतदार हे दोन भिन्न समूह असले म्हणजे सभासदाचे मत कोणत्या बाजूला झुकेल हे सांगण्यास भविष्यवेत्त्याची गरज नाही.

तिसरे दडपण स्वजनांचे. लहान गावात अध्यक्ष आणि विरोधक एकाच आळीत राहतात. लग्नकार्य, देवस्थान, देणेघेणे यांत त्यांचा रोजचा संबंध असतो. बहिष्काराचे शस्त्र तेथे न उगारताही परिणाम करते. मोठ्या शहरातील सुधारकाला वृत्तपत्रांची टीका सोसावी लागते. लहान गावातील सुधारकाला शेजाऱ्याचे मौन सोसावे लागते.

चौथे दडपण वरिष्ठ सत्तेचे, आणि ते बहुधा निष्क्रियतेच्या रूपाने येते. सरकारचे धोरण कागदावर सुधारणेला अनुकूल होते. पण प्रत्यक्ष प्रसंगी जिल्हाधिकाऱ्याची पहिली चिंता शांततेची असे. डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रहासाठी लोक पुन्हा महाडला जमले तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी न्यायालयाच्या हुकमाचा मान राखून सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला. शांतता राखणे म्हणजे प्रचलित स्थिती राखणे, असा अर्थ व्यवहारात होतो. आणि प्रचलित स्थिती हीच तर तक्रारीची बाब असते.

पाचवे दडपण न्यायालयाचे. १२ डिसेंबर १९२७ रोजी सनातनी पक्षाने दिवाणी दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. सभागृहात जिंकलेला पक्षही न्यायालयाकडे का वळला? कारण ठराव रद्द केल्याने तळ्याचे सार्वजनिक स्वरूप नाहीसे होत नव्हते. हा मनाईहुकूम असल्यामुळेच डिसेंबरच्या परिषदेने तळ्यावर जाणे तूर्त स्थगित केले. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले.

सहावे दडपण विरुद्ध बाजूचे, आणि त्याचा उल्लेख सहसा होत नाही. ज्यांच्यासाठी सुधारणा करावयाची ते नेहमीच थांबावयास तयार नसतात, आणि त्यांनी थांबावे असे म्हणण्याचा नैतिक अधिकार अध्यक्षाला नसतो. तीन वर्षे कागदावर राहिलेला ठराव २० मार्चला लोकांनीच अमलात आणला. सुधारक अध्यक्षाची येथे कसोटी लागते : संस्थेच्या संथ गतीला धरून राहावे, की संस्थेबाहेरील चळवळीशी आपले नाव जोडावे? टिपणीसांनी दुसरा मार्ग पत्करला. पुढे १९३७ च्या निवडणुकीत ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून गेले, यावरून त्यांचा कल स्पष्ट होतो.

निकाल

दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अतिप्राचीन असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, हा निकालाचा मुख्य आधार होता. निकालाची मर्यादाही येथेच आहे. समतेच्या तत्त्वावर तो उभा नव्हता. पुराव्याच्या अभावावर उभा होता. १९५० साली संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने सार्वजनिक पाणवठ्यांबाबतचा भेदभाव व सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता निषिद्ध ठरविली, तेव्हा हा प्रश्न स्थानिक बहुमताच्या कक्षेबाहेर गेला.

आजच्या रचनेशी संबंध

महाराष्ट्रातील नगरपरिषदा व नगरपंचायती १९६५ च्या अधिनियमाखाली चालतात. अध्यक्ष सदस्यांनी निवडावा की थेट मतदारांनी, याबाबत शासनाचे धोरण वारंवार पालटले आहे. २०१६ साली थेट निवडणूक आणली गेली, २०२० साली ती रद्द झाली व २०२२ साली पुन्हा आणली गेली. कुडाळ ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाल्यावर तिची पहिली निवडणूक २०१६ च्या थेट निवडणुकीच्या तरतुदीपूर्वी झाली, आणि दुसरीचे निकाल जानेवारी २०२२ मध्ये, म्हणजे ती तरतूद रद्द असताना लागले. परिणामी दोन्ही वेळा तेथील नगराध्यक्ष सतरा सदस्यांच्या सभागृहातूनच निवडला गेला.

दोन्ही पद्धतींत दडपण राहतेच. त्याची दिशा तेवढी बदलते. सभागृहाने निवडलेला अध्यक्ष प्रत्येक सदस्याचा ऋणी असतो, आणि सतरांत एकदोन सदस्य इकडचे तिकडे झाले की त्याचे आसन डळमळते. थेट निवडलेल्या अध्यक्षाला गावाचा कौल असतो. पण अर्थसंकल्प व ठराव यांसाठी त्याला त्याच सभागृहाकडे जावे लागते, आणि तेथे विरुद्ध पक्षाचे बहुमत असू शकते. शिवाय मुख्याधिकारी हा राज्य शासनाचा अधिकारी असतो, आणि ठरावाची अंमलबजावणी तहकूब करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला आहे. थेट निवडणुकीने अध्यक्षाची प्रतिष्ठा वाढते; सत्ता त्याच प्रमाणात वाढतेच असे नाही.

समारोप

महाडच्या उदाहरणावरून तीन अनुमाने काढता येतात. एक, अंमलबजावणीची तरतूद नसलेला ठराव सुधारकाला समाधान देतो आणि विरोधकाला अवधी देतो. दोन, लाभार्थी संघटित नसतील तर अध्यक्षाच्या सद्हेतूला सभागृहात आधार राहत नाही. तीन, मूलभूत हक्काचा प्रश्न स्थानिक बहुमतावर सोपविला तर तो हक्क पुढच्या सभेपर्यंतच टिकतो.

आपल्या जिल्ह्यातील नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या सभांची इतिवृत्ते या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहेत. एखाद्या नव्या अध्यक्षाच्या पहिल्या वर्षातील ठराव घ्यावेत, आणि प्रत्येक ठरावापुढे तीन गोष्टी नोंदवाव्यात : त्यासाठी रक्कम ठेवली होती काय, मुदत घातली होती काय, आणि जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्यावर टाकली होती. महाडच्या १९२४ च्या ठरावाला हेच प्रश्न विचारले असते तर १९२७ साली काय होणार याचा अंदाज आधीच बांधता आला असता. ज्यांना तोवर पाण्यावाचून राहावे लागले त्यांच्या दृष्टीने हा अंदाज केवळ शास्त्रीय जिज्ञासेचा विषय नव्हता, हेही अभ्यासकाने विसरू नये.