रंगाऱ्याच्या हाताखालचे पहिले वर्ष

मध्य रेल्वेवर दिवा आणि डोंबिवली यांच्यामध्ये कोपर हे स्थानक आहे. वसईकडे जाणारा लोहमार्ग येथे मुख्य मार्गाच्या वरून जातो. जवळ खाडी आहे आणि डोंबिवलीपासून दिव्यापर्यंत इमारतींची दाटी आहे. खाडीकाठच्या दमट हवेत काही पावसाळे गेले, की भिंतींचा रंग पोपडे धरू लागतो, खिडक्यांचे गज गंजतात आणि काचेभोवतीची लांबी तडकते. त्यामुळे या पट्ट्यात रंगारी आणि काच बसवणारा यांच्या हाताला काम मिळत राहते. आपल्या वर्गातली काही मुले शाळा सुटताच कुणा मामाच्या किंवा शेजारच्या काकांच्या ओळखीने याच कामाला लागतात.

नव्या मुलाच्या हाती पहिल्या दिवशी ब्रश येत नाही. त्याला पत्ती आणि पॉलिश पेपर देतात आणि भिंत खरवडायला सांगतात. कित्येकदा वर्षभर हेच चालते. हे काम बिनडोक्याचे आणि म्हणून शिकाऊचे, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात या व्यवसायातले बरेचसे विज्ञान आणि सर्वात मोठा धोका या पहिल्या वर्षाच्या कामातच असतो. त्यातले बहुतेक विज्ञान शाळेच्या पाठ्यपुस्तकात कोठे ना कोठे येऊन गेलेले असते. ते या कामाशी जोडून दाखवणे शिक्षकाच्या हाती आहे.

घासकाम आणि शिसे

रंगात मुख्यतः तीन गोष्टी असतात. रंग देणारी बारीक भुकटी, म्हणजे रंगद्रव्य. ती भुकटी धरून ठेवणारा बंधक, म्हणजे तेल किंवा राळ. आणि हे मिश्रण पातळ करणारा द्रावक. जुन्या तेलरंगांत पांढऱ्या रंगासाठी शिशाचा सफेदा, पिवळ्यासाठी शिशाचे क्रोमेट आणि लोखंडावरच्या अस्तरासाठी शेंदूर, म्हणजे शिशाचे ऑक्साइड, वापरले जाई. सुकलेल्या रंगातले शिसे तेथेच अडकून राहते. ते मोकळे होते कोरड्या पॉलिश पेपरने घासताना. तेव्हा उडणारी धूळ श्वासातून आत जाते, बोटांवर बसते आणि दुपारच्या वडापावाबरोबर पोटातही जाते.

शिशाच्या विषबाधेचे एक जुने नावच ‘रंगाऱ्यांची पोटदुखी’ असे होते. पोटात कळा, बद्धकोष्ठता, थकवा, चिडचिड ही तिची लक्षणे. शिसे शरीरात गेल्यावर हाडांत साठून राहते आणि मज्जासंस्थेला इजा करते. गिळलेल्या शिशापैकी जेवढा भाग प्रौढाचे शरीर शोषते, त्याच्या चार ते पाच पट भाग लहान मुलाचे शरीर शोषू शकते. शिशाची निर्धोक म्हणता येईल अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिकाऊ मुलगा तोच सदरा घालून घरी गेला, तर कपड्यांवरची धूळ घरातल्या लहान भावंडापर्यंतही पोहोचते.

या बाबतीत इतिहासातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९२१ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने शिशाच्या सफेद्याविषयी एक करार संमत केला. ज्या औद्योगिक रंगकामात सफेदा वापरला जातो, त्यावर १८ वर्षांखालील मुलांना ठेवू नये, असे त्यात म्हटले होते. मात्र त्याच कलमात एक अपवाद होता. रंगाऱ्याच्या शिकाऊ मुलांना, व्यवसायाचे शिक्षण म्हणून, हे काम देण्याची परवानगी सरकार देऊ शकत होते. ज्याला संरक्षणाची गरज सर्वाधिक, त्याच्यासाठीच शिक्षणाच्या नावाने दार उघडे राहिले!

आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशावर मर्यादा घालणारे नियम २०१६ साली निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग, म्हणजे एक किलो रंगात ९० मिलिग्रॅम अशी आहे. हे नियम नव्या रंगाला लागू होतात. जुन्या दारांवर, गजांवर आणि जिन्याच्या कठड्यांवर पूर्वी चढलेले थर आहेत तेथेच आहेत, आणि शिकाऊच्या वाट्याला येतात ते हेच थर. नुसते पाहून त्यात शिसे आहे की नाही हे सांगता येत नाही. म्हणून तेलरंगाचा प्रत्येक जुना थर शिशाचा आहे असे धरूनच काम करावे.

उपाय साधे आहेत. पृष्ठभाग ओला करून पाणकागदाने घासावे, म्हणजे धूळ उडत नाही. रंग ज्योतीने जाळून काढू नये, कारण शिशाची वाफ धुळीपेक्षाही घातक असते. नाकावर रुमाल बांधल्याने बारीक धूळ अडत नाही. त्यासाठी एन-९५ प्रकारचा मास्क लागतो. झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. खाण्यापूर्वी साबणाने हात आणि तोंड धुवावे. कामाचे कपडे वेगळे ठेवावेत आणि वेगळे धुवावेत.

नवी भिंत घाई सहन करत नाही

घासकामानंतर येते अस्तर. येथे शिकाऊला एक प्रश्न पडतो. नव्या गिलाव्यावर तेलरंग लगेच का लावायचा नाही? नव्या सिमेंटात चुना मोकळा होतो आणि गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो. अल्क आणि तेल एकत्र आले की साबण तयार होतो, हे मुलांनी वर्गात शिकलेले असते. ओल्या भिंतीवर नेमके हेच घडते आणि रंगाखाली चिकट डाग उमटतात. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पृष्ठभागावरच्या चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते आणि अल्कता कमी होते. चुन्याच्या निवळीत फुंकर मारल्यावर जी क्रिया दिसते, तीच भिंतीवर सावकाश चालते. चुन्याची सफेदी भिंतीला धरून राहते तीही याच क्रियेमुळे.

वर्गात करून पाहा : ताज्या गिलाव्याचा एक तुकडा आणि जुन्या भिंतीचा एक पोपडा घ्या. दोन्ही पाण्याने ओले करून त्यांवर फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाका. ताजा गिलावा गडद गुलाबी होईल. जुन्या पोपड्याचा पृष्ठभाग बहुधा रंगहीन राहील. फिनॉल्फ्थॅलीन नसेल तर हळदीचा कागद वापरा. अल्क असेल तेथे तो तांबडा होतो.

ओल तपासण्याची युक्ती याहून सोपी आहे. फूटभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. आतल्या बाजूने पाण्याचे थेंब जमले तर भिंतीत ओल आहे, असे समजावे. कोकणातल्या हवेत बाहेरचे रंगकाम पावसाळा संपून भिंती सुकल्यावर काढतात, त्यामागचे कारण मुलांना यातून कळेल.

तेल ‘वाळते’ म्हणजे काय?

ओले कपडे वाळतात तेव्हा पाणी उडून जाते. अळशीचे, म्हणजेच जवसाचे, तेल असे वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेते, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि घट्ट पापुद्रा तयार होतो. त्यामुळे या तेलाचे वजन सुरुवातीला थोडे वाढते. खोबरेल तेलाच्या रेणूंत द्विबंध फारच थोडे असतात, म्हणून ते असे आळत नाही.

वर्गात करून पाहा : काचेच्या दोन पट्ट्या घ्या. एकीवर अळशीचे आणि दुसरीवर खोबरेल तेल अगदी पातळ पसरा आणि धूळ लागणार नाही अशा हवेशीर जागी ठेवा. रोज टोकाला बोट लावून नोंद करा. एक-दोन आठवड्यांत फरक दिसू लागेल.

या क्रियेत उष्णताही बाहेर पडते. काचेवरच्या पातळ थरातून ती निघून जाते. मात्र तेलाने भिजलेल्या फडक्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला, तर उष्णता आत साठत जाते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. अशी फडकी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. थिनर आणि टर्पेंटाइनची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खोलीत खाली साचते, म्हणून काम चालू असताना खिडक्या उघड्या हव्यात आणि बिडी-काडी दूर हवी.

काच : ओरखडा एकच

लाकडी खिडकीत काच बसवायची लांबी ही चॉक पावडर आणि अळशीचे तेल यांची कणीक असते. चौकटीच्या खाचेला आधी अस्तर द्यावे लागते. ते न दिल्यास कोरडे लाकूड लांबीतले तेल शोषून घेते आणि लांबीचा भुगा होतो. ज्याने तेल वाळण्याचा प्रयोग केला आहे, त्याला लांबीवर लगेच रंग का लावत नाहीत हे वेगळे सांगावे लागत नाही.

काच कापण्याचे हत्यार म्हणजे हिरकणी, किंवा पोलादी चाकाचा कटर. खरे तर हिरकणी काच कापत नाही. ती एक बारीक चीर पाडते आणि हाताने दाब दिल्यावर काच त्या चिरेवर उकलते. १९२०च्या सुमारास इंग्लंडमध्ये ए. ए. ग्रिफिथ या अभियंत्याने दाखवून दिले, की काचेसारख्या ठिसूळ पदार्थाचे बळ त्यातल्या सूक्ष्म चिरा ठरवतात, कारण ताण चिरेच्या टोकाशी एकवटतो. शांपूची पुडी सरळ कडेने फाटत नाही, पण लहानशी खाच असेल तर चटकन फाटते. वर्गात हे उदाहरण पुरेसे आहे. काच कापून दाखवण्याची गरज नाही. ओरखडा एकदाच, एका दमात आणि एकसारख्या दाबाने काढावा. त्याच रेषेवर हत्यार पुन्हा फिरवले, तर चिरेच्या कडा चुरतात आणि काच भलतीकडे फुटते. उष्णतेने कडक केलेली, म्हणजे टफन केलेली काच मात्र अशी कापताच येत नाही. तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि आतला भाग ताणाखाली असतो. चीर आतल्या भागापर्यंत गेली, की सगळ्या काचेचा चुरा होतो.

काच खाचेपेक्षा प्रत्येक बाजूला थोडी लहान कापतात. याचे गणित करता येते. एक मीटर लांबीची काच ३० अंश सेल्सियसने तापली तर सुमारे ०.२७ मिलिमीटर वाढते. तेवढ्याच लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी ०.६९ मिलिमीटर वाढते. लाकूड तर पावसाळ्यात फुगते. जागा सोडली नाही तर चौकट काचेला चिरडते. वजनाचाही हिशेब करून घ्यावा. चार मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच दहा किलो भरते. ती नेहमी उभी धरून न्यावी, कारण आडवी धरली तर आपल्याच वजनाने वाकून फुटू शकते.

शिडी आणि हिशेब

भिंतीला टेकवलेल्या शिडीचे टोक चार फूट उंचीवर असेल तर पाय भिंतीपासून एक फूट दूर हवा, असे प्रमाण आहे. जमिनीशी होणारा हा कोन सुमारे ७५ अंशांचा. दहावीच्या त्रिकोणमितीत शिडीचे उदाहरण असतेच; त्यात हे प्रमाण घालून द्यावे.

मजुरी चौरस फुटावर ठरते, म्हणून क्षेत्रफळ आले तर फसवणूक टळते. खोली १० फूट बाय १२ फूट आणि उंची १० फूट आहे. चार भिंती मिळून ४४० चौरस फूट. त्यातून दाराचे २१ आणि खिडकीचे २० वजा केले तर ३९९ उरतात. छताचे १२० मिळवून ५१९. एका लिटरमध्ये दोन हात मिळून ५० चौरस फूट होतात असे डब्यावर लिहिले असेल, तर साडेदहा लिटरच्या आसपास रंग लागेल.

कागदावरची उमेदवारी

हे काम शिकण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला ‘पेंटर जनरल’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील उमेदवारी. पहिलीत संस्थेत शिकायचे असते, दुसरीत कारखान्यात. हा अभ्यासक्रम प्रत्येक संस्थेत नसतो, म्हणून प्रवेशापूर्वी चौकशी करावी. उमेदवारीत लेखी करार होतो, विद्यावेतन मिळते आणि परीक्षेनंतर प्रमाणपत्र मिळते. उमेदवार अज्ञान असेल तर पालकाची सही लागते. वय किमान १४ आणि धोकादायक उद्योगांत १८ हवे. २०१९च्या नियमबदलाने ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे सक्तीचे झाले, आणि चारपासून पुढे ऐच्छिक.

कोपर-डोंबिवलीतला मिस्त्री बहुधा दोन-तीन माणसांनिशी काम करतो. तो या कायद्याच्या बाहेर राहतो आणि आपली बहुतेक मुले त्याच्याकडेच जातात. हा दुसरा रस्ता. त्यावर करार नाही, परीक्षा नाही, कागद नाही. म्हणून शिक्षकांनी मुलांना दोन गोष्टी नक्की सांगाव्यात. एक, १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवण्यास २०१६च्या दुरुस्तीपासून कायद्याने बंदी आहे. दोन, वय १८ पूर्ण झाले आणि वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम झाले, की राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. मंडळाच्या कामांच्या यादीत रंगकाम आणि काच बसवणे ही दोन्ही कामे आहेत.

त्या ९० दिवसांचा दाखला लागतो, आणि तो मागताना हाती काहीतरी असावे लागते. शाळा सोडणाऱ्या मुलाला एक शंभर पानी वही घ्यायला सांगावी. तीत रोजची तारीख, कामाची जागा, काय काम केले, किती चौरस फूट झाले आणि किती पैसे मिळाले एवढे लिहावे आणि आठवड्याला मिस्त्रीची सही घ्यावी. प्रयोगवहीची सवय असलेल्या मुलाला हे जड जाऊ नये.