चौलची पेठ कुठे गेली?

बंगळूरच्या राजाजीनगरात माझं रेशमी साड्यांचं दुकान आहे, माहेर अलिबागजवळच्या रेवदंड्याचं. रेशीम रामनगरचं, जर सुरतेची, विणकर धर्मावरमचे, आणि समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटर लांब. तरी धंदा चालतो. ज्याच्या दारातच समुद्र, त्या आमच्या चौल-रेवदंड्यात मात्र आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, पेठ नाही. ती का उठली, हे व्यापार करणाऱ्यानं समजून घ्यायलाच हवं.

कुंडलिकेच्या मुखावरचं हे बंदर पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांनाही ठाऊक होतं. व्हेनिससारखं ते स्वतंत्र राज्य कधीच नव्हतं. राष्ट्रकूट, शिलाहार, बहामनी, निजामशाही असे धनी बदलत गेले. पण त्यातल्या शहाण्या धन्यांनी व्यापाऱ्याला मोकळीक दिली. ९१६च्या सुमारास आलेल्या अल्-मसूदी या अरब प्रवाशानं इथे सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडच्या सुमारे १०,००० मुसलमानांची वस्ती पाहिली. त्यांचे आपसातले तंटे त्यांच्यातलाच एक प्रमुख सोडवी, आणि त्याला नेमणारा राजा हिंदू होता. १०९४च्या खारेपाटण ताम्रपटात शिलाहार राजा अनंतदेवानं भाभण श्रेष्ठी आणि त्याच्या भावाच्या जहाजांना ठाणे, सोपारा, चौल या बंदरांत जकात माफ केली आहे. परक्याला त्याचा स्वतःचा कायदा आणि व्यापाऱ्याला जकातीत सूट, या दोन गोष्टींवर चौल वाढलं.

१४६९च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. दख्खनच्या सुलतानांना घोडे लागत, आणि ते समुद्रमार्गेच येत. गोऱ्या माणसाला बघायला लोक त्याच्यामागून चालत, असं त्यानं लिहून ठेवलंय. घोडा पुढे जुन्नरच्या सुभेदारानं बळकावला आणि महत्प्रयासानं परत मिळाला. बंदर व्यापाऱ्याला कितीही सांभाळो, घाटावरचा एक अधिकारी त्यावर पाणी फिरवू शकतो.

मग पोर्तुगीज आले. १५०८मध्ये चौलसमोरच्या लढाईत त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो पडला, तरी १५२१मध्ये त्यांनी रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतलाच. सोळाव्या शतकात पैसा भरपूर होता. चिनी रेशमापासून इथे विणलेल्या कापडाचं डच प्रवासी लिन्स्कोटेननं कौतुक केलं आहे. पण समुद्रावर 'कार्ताझ' आला. हा परवाना नसलेलं जहाज पकडलं जाई, आणि परवाना असला तरी पोर्तुगीज बंदरात जकात भरावीच लागे. १५६०पासून गोव्याच्या इन्क्विझिशनचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालयाचा, धाकही होता. १५७०-७१मध्ये मुर्तजा निजामशहाचा वेढा पोर्तुगीजांनी परतवला. तट टिकला. व्यापारी मात्र तटासाठी येत नाही.

१६६१च्या विवाहतहात पोर्तुगालनं मुंबई इंग्रजांना दिली. तिथलं बंदर खोल आणि आडोशाचं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरनं सगळ्या धर्मांच्या व्यापाऱ्यांना बोलावून घेतलं. १६७७मध्ये दीवच्या निमा पारेखनं मुंबईत यायच्या आधी आपल्या धर्माच्या मोकळिकीची हमी मागितली, आणि ती त्याला मिळाली. चौलचे रेशीमविणकरही मुंबईला गेले. शिलाहारांच्या काळी चौल जे देत होतं, ते आता मुंबई देऊ लागली. १७४०मध्ये मराठ्यांच्या ताब्यात चौल आलं, तोवर माणसं निघून गेली होती.

आज अलिबाग-मुरूड रस्ता किल्ल्याच्या तटातून जातो, सातखणी मनोरा अर्धा उभा आहे, आणि खाडीपलीकडच्या कोर्लईत काही घरांत पोर्तुगीजमिश्रित बोली अजून ऐकू येते.

माझ्याकडे गिऱ्हाईक पदर उलटून जर आतून बघतं, मगच पैसे काढतं. व्यापारी शहराचीही अशीच पारख करतो: इथे मला न्याय मिळेल का, माझा देव मला पुजता येईल का, माझा माल कुणी अडवेल का? बंगळूरनं आम्हा बाहेरून आलेल्यांना या तिन्ही बाबतींत सांभाळलं, म्हणून आम्ही इथे रुजलो. समुद्र असो वा नसो, ही उत्तरं बदलली की पेठ उठते.