थंडीतला घाम

डिसेंबर उजाडला की कित्येक घरांत पाठपिशव्या भरायची लगबग सुरू होते. कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी उत्तराखंडात केदारकंठ्याला निघालेली असते. हल्ली गृहिणीही हौसेनं जातात. सांकरी गावापासून चढत जायचं, शिखराची उंची सुमारे ३,८०० मीटर, वाटेत बर्फ. साहजिकच आपण म्हणतो, "स्वेटर घाल, वर आणखी एक घाल!" पण मैत्रिणींनो, चढणाऱ्याला बाहेरच्या थंडीइतकाच छळतो तो त्याचा स्वतःचा घाम.

नवल वाटलं ना? माठातलं पाणी गार कसं होतं ते आठवा. बाहेर पाझरलेलं पाणी वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. अंगाचंही तसंच. एक लिटर घाम वाळायला साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता लागते! चालताना अंग तापलेलं असतं, तोवर काही वाटत नाही. पण विसाव्याला बसलं आणि वारा सुटला, की त्याच ओल्या कपड्यानं हुडहुडी भरते.

म्हणून अंगालगत सुती कपडा नको. आपला सुती बनियन उकाड्यात गुणाचा. पण तो घाम पितो आणि लवकर वाळत नाही. जीन्सचंही तेच. बायकांनी अंतर्वस्त्रंसुद्धा सुती घेऊ नयेत. खेळाडू घालतात तसा पॉलिएस्टरचा टी-शर्ट किंवा पातळ, मऊ लोकरीचा कपडा बरा. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के दमटपणा शोषूनही ओली लागत नाही. 'थर्मल' म्हणून मिळणाऱ्या कपड्यांतही पुष्कळदा सूत असतं, तेव्हा लेबल वाचूनच घ्या.

एका जाड कोटापेक्षा तीन थर सोयीचे: आत हा कपडा, त्यावर स्वेटर, सगळ्यांत वर वारा अडवणारं जाकीट. निघताना थोडं काकडायला झालं तरी चालेल. दहा मिनिटांत अंग तापतं. कपाळ ओलसर व्हायच्या आतच थांबून एक थर उतरवायचा, गळ्याची चेन उघडायची, चाल मंद करायची. थांबलं की मात्र गार वाटायची वाट न बघता लगेच स्वेटर चढवायचा.

एक बनियन, एक पायजमा आणि लोकरी मोज्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून द्या. हे फक्त रात्री तंबूत घालायचे. मोज्यांवर मोजे चढवून बूट आवळू नयेत. रक्त नीट खेळत नाही आणि पाय उलट गारठतात. थंडीत तहान कळत नाही, म्हणून आठवणीनं पाणी प्यावं.

आता महत्त्वाचं. सोबतच्या कुणाला न थांबणारी थरथर सुटली, बोलणं अडखळू लागलं, बोटांनी बटण लागेना, तर गंमत समजू नका. अंग वाजवीपेक्षा थंड पडू लागल्याची ही लक्षणं आहेत. थरथर थांबली आणि माणूस सुस्तावला, तर धोका आणखी वाढला समजा. आडोशाला नेऊन ओले कपडे काढा, कोरडे घाला, पांघरुणात गुंडाळा. नीट शुद्धीवर असेल तर गोड, कोमट पेय द्या. हातपाय चोळू नका, दारू मुळीच नको. म्होरक्याला तातडीनं कळवून खाली न्यायची व्यवस्था करा.

हा शेवटचा परिच्छेद कापून पाठपिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवा, बरं का!