आधी अंगावरचे कपडे उतरवा
प्रथमोपचार : लेखांक सातवा

मागच्या लेखात सर्पदंश पाहिला. आज फवारणीची विषबाधा.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावे लागले. ही माणसे विष प्यायली नव्हती. त्या वर्षी पऱ्हाटी पुरुषभर उंच झाली होती. तिच्यात शिरून पंप मारायचा म्हणजे फवारा तोंडाछातीवर उडणार, ओली पाने अंगाला घासणार. त्यात पाठीवरची टाकी झिरपत असली की शर्ट, मग पँट, मग जांघेपर्यंत सगळे ओले. जांघेतली नाजूक कातडी हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त औषध शोषून घेते.

विषबाधा म्हटले की आपल्याला पोटात गेलेले विषच आठवते. म्हणून बांधावर कुणाला गरगरले की मीठ-पाणी पाजून उलटी काढायची धावपळ सुरू होते. पण फवारणीत विष मुख्यतः कातडीतून जाते, थोडे श्वासातून. ओला शर्ट पाठीला चिकटलेला आहे तोवर ते आत जातच राहणार, माणूस गाडीत बसला तरी.

तेव्हा गाडी येईपर्यंतचा वेळ धुण्यात घालवा. माणसाला फवारलेल्या पिकातून बाहेर, वारा येतो त्या बाजूला न्या. कपडे, चपला, करदोटा, घड्याळाचा पट्टा, सगळे काढा; लाजेची ही वेळ नाही. शर्ट डोक्यावरून ओढू नका, तोंडाला लागेल, कापून काढा. अंगावर कोरडी भुकटी असेल तर ती आधी झटका. मग साबण लावून भरपूर पाण्याने धुवा. केस, कानामागे, काखा, जांघा, नखांच्या कडा या जागा हमखास राहून जातात. खसाखसा घासू नका. सोललेल्या कातडीतून विष अधिकच शिरते. डोळ्यांत उडाले असेल तर पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार पंधरा ते वीस मिनिटे, नाकाकडून कानाकडे. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. नसतील तर हातांत प्लास्टिकच्या पिशव्या चढवाव्यात. मदतीला धावलेला दुसरा माणूसही आजारी पडू शकतो.

आता ओळखायचे कसे? सुरुवातीला डोके दुखते, मळमळते, घाम फुटतो, आणि भर दुपारी सगळे म्हणतात, ऊन लागले, सावलीत पड थोडा. इथेच मोलाचा वेळ जातो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस या जातीची औषधे मज्जातंतूंचा निरोप पुसून टाकणारे विकरच बांधून ठेवतात. मग निरोप थांबत नाहीत आणि शरीरातल्या ग्रंथी पाझरत राहतात. तोंडाला लाळ सुटते, डोळे गळतात, छातीत घरघर लागते, पापणी आणि दंडाचे स्नायू फडफडतात. डोळ्यांत पाहा: बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली असते. मात्र बाहुली नेहमीसारखी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. सगळी कीटकनाशके अशी वागत नाहीत, आणि पंपात बहुधा दोन-तीन औषधांचे मिश्रण असते.

औषध पोटात गेले असेल तरीही उलटी काढायची नाही. पुष्कळ द्रव औषधांत रॉकेलसारखे द्रावक असते. उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरते. शुद्ध हरपत असेल तर हा धोका आणखी वाढतो. दूध, तूप, ताक काहीही नको. तोंड पुसा आणि शुद्धीवर असेल तर चूळ भरायला लावा. बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्याला डाव्या कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. श्वास थांबला तर छातीवर दाब देणे सुरू करा. तोंडाने श्वास देऊ नका, त्याच्या ओठांवरचे विष तुमच्या तोंडात जाईल.

१०८ ला फोन एकाने करायचा, दुसऱ्याने धुणे थांबवायचे नाही. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक निःशुल्क आहे. निघताना औषधाचा डबा किंवा निदान त्याचे लेबल झाकणबंद पिशवीतून घ्या. मिश्रण असेल तर सगळीच लेबले. लेबलावरचा त्रिकोण विषारीपणा सांगतो: लाल सर्वांत घातक, मग पिवळा, निळा, हिरवा. पण डॉक्टरला रंगापेक्षा आतल्या रसायनाचे नाव हवे असते, कारण उपाय त्यावर ठरतो. वर सांगितलेल्या जातीवर अ‍ॅट्रोपिन चालते. पॅराक्वाट या तणनाशकावर उताराच नाही.

उतरवलेले कपडे घरच्या धुण्यात जाऊ देऊ नका. ते धुणारी बहुधा घरातली बाईच असते, आणि तिच्या हातांना मोजे नसतात. चामड्याच्या चपलेत मुरलेले विष निघत नाही, ती टाकूनच द्यावी.

आणि एक गोष्ट दवाखान्यातून घरी आल्यावरची. मोनोक्रोटोफॉसच्या जातीच्या औषधाची बाधा झालेला माणूस बरा वाटू लागल्यावर, एक ते चार दिवसांत पुन्हा ढासळू शकतो. लाळ, घाम काही नसते. आधी मान लुळी पडते, मग श्वासाचे स्नायू. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याआधी सुटी मागू नका. घरी आणल्यावरही त्याला आडवे झोपवून सकाळ-संध्याकाळ उशीवरून डोके उचलायला सांगा. उचलता आले नाही, तर सकाळची वाट न पाहता लगेच परत न्या.