बचत विजेची, झीज डिस्कची

विजेची बचत हे धोरण स्तुत्यच होय. तथापि तिचा अतिरेक यंत्राच्या मुळावर येऊ शकतो. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या काही लॅपटॉप संगणकांत हार्ड डिस्कमधून वरचेवर ‘टिक्’ असा आवाज येतो. सन २००७ मध्ये या तक्रारीची लिनक्स वापरणाऱ्यांत बरीच चर्चा झाली होती.

कारण : काम थांबताच डिस्कचे वाचन-लेखन शीर्ष चकतीवरून उचलले जाऊन बाजूस विसावते. यामुळे वीज वाचते आणि धक्क्यापासून संरक्षणही मिळते. परंतु एखादी किरकोळ नोंद लिहावयाची झाली तरी शीर्षास पुन्हा चकतीवर यावे लागते. लॅपटॉपच्या अनेक डिस्कना अशा फेऱ्यांची मर्यादा ६,००,००० इतकी दिलेली असते. मिनिटास २ फेऱ्या होत असल्यास, रोज ८ तास चालणारा संगणक ही मर्यादा ६२५ दिवसांत गाठतो.

निदान : ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेने डिस्कची माहिती काढून १९३ क्रमांकाची नोंद पाहावी. अर्ध्या तासाने ती पुन्हा पाहावी. आकडा झपाट्याने वाढला असल्यास दोष वीजबचतीच्या मांडणीत आहे असे समजावे. आकडा मर्यादेजवळ पोहोचला असेल, तर अन्य काही करण्यापूर्वी महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत दुसरीकडे घ्यावी.

उपाय : ‘एचडीपार्म’ या आज्ञेतील ‘बी’ पर्यायाने बचतीची पातळी ठरते. १ ते १२७ या पातळ्यांत चकती थांबविण्यास मुभा असते, १२८ ते २५४ मध्ये नसते. प्रथम २५४ ही पातळी द्यावी. २५५ ने ही सोय पूर्णतः बंद होते. मात्र प्रत्येक डिस्क ती आज्ञा मानतेच असे नाही. चकती किती वेळाने थांबावी हे ‘एस’ हा निराळा पर्याय ठरवितो. तेथील आकडे फसवे आहेत : १२० म्हणजे १० मिनिटे, तर २४१ म्हणजे ३० मिनिटे.

दक्षता : संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ही मांडणी बहुधा पुसली जाते. यास्तव डेबियन व उबुंटू प्रणालींत ती ‘एचडीपार्म’च्या मांडणी-फाइलीत नोंदवावी. तरीही जुनी पातळी परत येत असल्यास ‘टीएलपी’सारखा दुसरा वीजबचत कार्यक्रम आपला आकडा लादत नाही ना, हे तपासावे. बचत कमी केल्याने डिस्क अधिक तापू शकते. म्हणून तापमानावरही लक्ष असावे. एसएसडी प्रकारच्या साठवणीत फिरती चकती वा शीर्ष नसल्याने तेथे हा प्रश्न उद्भवत नाही.

बदल केल्यानंतर १९३ क्रमांकाची नोंद पुनश्च पाहावी. तो आकडा स्थिरावला, तरच उपाय लागू पडला असे मानावे.