बाळंतिणीचें चिनी सूप

चिनी घरांत मूल जन्मलें कीं आईला महिनाभर विश्रांति देण्याची जुनी चाल आहे. या महिन्यांत तिच्यासाठीं चुलीवर वारंवार चढतें तें औषधी मुळ्यांचें कोंबडीचें सूप आणि त्यांत शेवया. १९०१ सालीं फूचौ भागांतील लोक बोर्निओ बेटावरील सिबू येथें वसाहतीस गेले. आज तेथेंही या शेवया आवडीनें खाल्ल्या जातात.

कृति सोपी आहे. एका लहान कोंबडीचे तुकडे उकळत्या पाण्यांत दोन मिनिटें बुडवून धुवावे. म्हणजे सूप गढूळ होत नाहीं. मग दोन लिटर पाण्यांत ते तुकडे, आल्याच्या चकत्या, आठ-दहा सुकीं तांबडीं चिनी बोरें आणि ‘तांग-क्वै’ मुळीचे दोन पातळ काप घालून मंद आंचेवर तासभर शिजूं द्यावें. ही मुळी ओवा-कोथिंबिरीच्या कुळांतली. जास्त पडली तर सूप कडू होतें. ‘गोजी’चीं नाजूक फळें शेवटच्या दहा मिनिटांत घालावीं.

सुतासारख्या बारीक शेवयांच्या कणकेंतच मीठ असतें. म्हणून त्या निराळ्या पाण्यांत उकडून निथळाव्या, वाडग्यांत घेऊन वर सूप ओतावें आणि चव पाहूनच मीठ घालावें. लांब शेवई हें दीर्घायुष्याचें चिन्ह. ती तोडीत नाहींत.

मात्र तांग-क्वै म्हणजे निव्वळ मसाला नव्हे. रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम तिनें वाढूं शकतो. गर्भवतीनें ती टाळावी. प्रसूतीनंतर रक्तस्राव चालू असतां डॉक्टरांस विचारल्यावांचून देऊं नये. मुळी वगळली तरी आल्याची ऊब व कोंबडीचें पोषण वाडग्यांत उरतेंच.