बांधापलीकडे दिसलेले : बोलावे कधी, कळवावे कधी?

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



या पानावर आपण एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्याचे पाचट, हुमणीचा बंदोबस्त असले विषय वाचता. या खेपेला जरा निराळा विषय घेतला आहे. ऊसनोंदीच्या वेळी आणि गळीत हंगामात शेतकी खात्याची माणसे बांधाबांधाने फिरतात. तेव्हा एखादे सभासद बाजूला घेऊन हळूच विचारतात, "साहेब, शेजाऱ्याच्यात असं असं चाललंय. बरं दिसत नाही. पण सांगायचं कुणाला? आणि सांगितलं तर उद्या बांधाला बांध आहे, तोंड कसं दाखवायचं?"

प्रश्न खरा आहे. शहरात खोली बदलली की शेजार बदलतो. रानातला शेजार आजोबापासून नातवापर्यंत तोच. त्याच्या रानातून आपली पाइपलाइन गेलेली असते, त्याच्या बांधावरून आपला ट्रॅक्टर निघायचा असतो. ऐन तोडीच्या वेळी त्याने वाट अडवली तर तुटलेला ऊस फडातच वाळतो. म्हणून "आपल्याला काय करायचंय" असे माणूस म्हणतो ते काही निव्वळ बेफिकिरीने नव्हे, त्यामागे हिशेब असतो. हाच हिशेब आज नीट मांडून पाहू.

पहिल्यांदा भावकीतली प्रकरणे बाजूला काढू. बांध फूटभर सरकला, पाण्याची पाळी चुकवली, जनावरे उसात घातली, पाचट पेटवताना आपल्या चार सऱ्या होरपळल्या. याचा राग येतो, नुकसानही होते. पण मोजणी मागता येते, पंच बसवता येतात, भरपाई ठरवता येते. आज नाही मिटले तर पुढच्या वर्षी मिटेल. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली सुरू झाली ती असल्याच कामासाठी. अशा गोष्टीत आधी शेजाऱ्याशी बोलावे, मग चार जाणत्यांना घालावे, आणि अगदीच निभाव लागला नाही तर कचेरीची पायरी चढावी. उठता बसता अर्ज करणाऱ्याचे खरे गाऱ्हाणेही पुढे कोणी ऐकत नाही. गट ऑफिसला निनावी अर्ज येतात, "अमक्याने दुसऱ्याचा ऊस स्वतःच्या नावावर नोंदला" म्हणून. त्यांचे हस्ताक्षर आम्ही बहुधा ओळखतो, पण तो भाग वेगळा.

दुसऱ्या जातीची प्रकरणे अशी असतात की चुकले तर भरून येत नाही. माणूस गेला तर पंच बसवून परत येत नाही. तेथे मनाला दोन प्रश्न विचारावेत. बोलून आपण चुकलो तर काय होईल? आणि गप्प बसून चुकलो तर काय होईल? पहिल्याचे उत्तर "चार दिवस अबोला" असे असेल आणि दुसऱ्याचे "एखाद्याचा जीव", तर हिशेब तेथेच संपला. मग विचार करायचा तो एवढाच, की हातात वेळ किती आहे आणि सांगायचे कोणाला.

आपल्या भागातले सगळ्यात नेहमीचे उदाहरण म्हणजे उसाभोवतीची तार. रानडुकरे कोवळ्या उसाची नासाडी करतात, एका रात्रीत सऱ्याच्या सऱ्या लोळवतात. वैतागून कोणी खुंट्या रोवून तार ओढतो आणि मोटारीच्या पेटीतून किंवा थेट खांबावर आकडा टाकून तिच्यात चालू लाइन सोडतो. विचारले तर म्हणतो, "रात्रीच सोडतो, सकाळी काढतो. कुणाला काय होतंय?" पण रात्रीच तर माणूस रानात असतो! शेतीपंपाची लाइन रात्रीची असली की दारे धरायला बांधावरून जावेच लागते. पायाखाली ओल, हातात लोखंडी फावडे. ऊसतोड टोळी तर पहाटे अंधारातच फडात उतरते, त्यात बायामाणसे असतात, पोरेही असतात, आणि त्यांना या तारेची खबर नसते. डुकरासाठी घातलेल्या तारेने माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. कित्येकदा ज्याने तार घातली त्याच्याच घरातले माणूस सापडते.

येथे एक फरक समजून घ्यावा, म्हणजे शेजाऱ्याला उगीच दोष दिला जाणार नाही. बॅटरीवर किंवा सौर पत्र्यावर चालणारे झटका मशीन ही निराळी वस्तू आहे. त्याचा दाब मोठा असला तरी झटका क्षणाच्या अगदी बारीक भागापुरता बसतो, मग तार मोकळी होते, आणि साधारण सेकंदाने पुढचा झटका येतो. जनावर दचकून मागे सरते. २३० व्होल्टच्या चालू लाइनला अशी उसंत नाही. हाताचे स्नायू आखडतात, मूठ वळते, आणि माणसाला सोडायचे असूनही तार सोडता येत नाही. तेव्हा तार दिसली की आधी ती कोठून निघाली आहे ते लांबूनच पाहावे. मशीनमधून निघाली असेल तर चिंता कमी. पेटीतून किंवा खांबावरून निघाली असेल तर ही गोष्ट त्या दिवशीच्या अंधारापूर्वी मिटली पाहिजे.

मिटवायची कशी? पहिल्यांदा स्वतः जाऊन बोला, शक्यतो एकटे नव्हे, त्यांच्या मानातले कोणी बरोबर घेऊन. "अण्णा, डुकरांचा त्रास आमालाबी हाय. पण उद्या तुमच्या तारंला कोण चिकटलं तर तुम्हीच आत जाशीला," हे खरे बोलणे आहे. माणूस दगावला तर तार घालणाऱ्यावर मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो, आकडा टाकला असेल तर वीजचोरी वेगळी. डुकरांचा बंदोबस्त दोघांनी मिळून झटका मशीन घेऊनही होतो. बहुतेक माणसे इतक्यावर ऐकतात आणि तुमच्यादेखत वायर काढतात. ऐकले नाही किंवा गाठच पडली नाही, तर संध्याकाळ होण्याआधी लाइनमनला किंवा महावितरणच्या १९१२ या नंबरवर कळवा, पोलीस पाटलाच्या कानावर घाला, आणि त्या बाजूला रात्री पाण्यावर जाणाऱ्यांना व टोळीच्या मुकादमाला सांगून ठेवा. गट नंबर आणि तार कोठून निघाली तेवढेच सांगा. स्वतः तार तोडायला जाऊ नका. कोणी चिकटलेच तर हात लावू नका, आधी मेन स्विच पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या जमिनीवर उभे राहून कोरड्या लाकडाने तार बाजूला करा आणि १०८ ला फोन लावा.

आता दुसरे उदाहरण, आणि ते जास्त अवघड आहे, कारण त्यात शेजाऱ्याकडून दुसऱ्याला धोका नसतो, त्याला स्वतःलाच असतो. कर्ज थकलेले, लागण जळालेली, घरात कोणाचे आजारपण. अशा वेळी पिकाची जाण असलेल्या माणसाला पिकावरूनच पुष्कळ कळते. जो गडी कधी पाण्याची पाळी चुकवत नव्हता त्याचे रान आठ आठ दिवस भेगाळलेले दिसते. गोठ्यातली आवडीची गाय अचानक विकली जाते. पारावर येणे बंद होते, पिणे वाढते. "माझ्यामागं सगळ्यांची सुटका होईल" असे बोलणे निघते. कोणी न सांगता गट ऑफिसला येऊन शेअरवर वारस कोण लागला आहे हे दोन दोनदा तपासून जातो. वारसनोंद करणे चांगलेच, ती प्रत्येकाने करावी. पण बाकीच्या गोष्टींच्या जोडीने हे दिसले तर मनात नोंद घ्यावी. आणि फार दिवस कोमेजलेला माणूस एकदम शांत, मोकळा दिसू लागला, देणीघेणी मिटवू लागला, तर निर्धास्त होऊ नये.

अशा वेळी लोक एकतर काहीच बोलत नाहीत, नाहीतर पारावर सगळ्यांदेखत उपदेश करतात. दोन्ही चूक. सायंकाळी त्याच्या रानात जा, बांधावर बसा, आणि सरळ विचारा, "तात्या, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का?" असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. उलट विचारणारा भेटला म्हणून पुष्कळांना रडू फुटते. "हो" म्हणाला, किंवा उत्तर टाळले, तर त्याला त्या रात्री एकटे ठेवू नका. "कुणाला सांगू नका" अशी शपथ घातली तरी ती पाळायची नाही. घरातल्या एका समजूतदार माणसाला सांगा. घरातली आणि शेडमधली तणनाशके, कीटकनाशके उचलून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा, हे काम शेजाऱ्यानेच करावे. सरकारची टेलिमानस ही १४४१६ नंबरची फोनसेवा २०२२ पासून आहे, तेथे मराठीत बोलता येते आणि शेजाऱ्यालाही सल्ला विचारता येतो. जिल्हा रुग्णालयात डॉक्टर भेटतात. पोलिसांची भीती बाळगून पुष्कळ घरे गप्प बसतात. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असलेला माणूस मानले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत त्याबद्दलचे जुने ३०९ कलमच ठेवलेले नाही.

औषध पोटात गेलेच तर मीठपाणी पाजून उलटी करवण्यात वेळ घालवू नका. बाटली बरोबर घ्या आणि दवाखाना गाठा. काही तणनाशके अशी आहेत की पहिल्या दिवशी माणूस बोलता-चालता दिसतो आणि पुढे मूत्रपिंड, फुप्फुसे निकामी होतात. "आता बरा दिसतोय" म्हणून घरी ठेवू नये.

तिसरी गोष्ट टोळ्यांच्या तळावरची. दसऱ्यानंतर येऊन चार-पाच महिने आपल्या माळावर राहणारी माणसे तेवढे दिवस आपले शेजारीच असतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा उचलीचा हिशेब. त्यामुळे आणि वयात आलेली पोर गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची या काळजीमुळे मुलींची लग्ने लवकर उरकली जातात. आपल्या गावातही असे होत नाही असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू नये. मुलीला १८ आणि मुलाला २१ पूर्ण पाहिजेत. २००६ च्या कायद्याप्रमाणे लग्न लावणारा, ठरवणारा, होऊ देणारा आणि हजर राहून साथ देणाराही शिक्षेला पात्र ठरतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. म्हणजे अक्षता टाकून आलेला शेजारी "मी नुसता जेवायला गेलो होतो" म्हणून सुटतोच असे नाही.

येथे वेळेचा मुद्दा फार मोठा आहे. सुपारी फुटली तेव्हा कळवले तर ग्रामसेवक घरी येऊन बसतो, शाळेचा दाखला पाहतो, समजावतो, आणि बहुधा पोरगी शाळेत परत जाते. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच आहे. न्यायदंडाधिकाऱ्याकडून लग्नाला मनाईही आणता येते. मांडव पडल्यावर कळवले तर पोलीस, वऱ्हाड, रडारड. आणि लग्न होऊन गेल्यावर ते रद्द करून घ्यायचे तर त्या पोरीलाच कोर्टाची पायरी चढावी लागते. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर रात्रंदिवस चालू असतो. मुलगी १८ ची निघाली तर काय होईल? दाखला पाहून अधिकारी परत जाईल, चार शिव्या हवेत जातील. मुलाशी किंवा मुलीशी कोणी वाईट वर्तन करत असल्याचे कळले तर मात्र हा विचार करायलाही मुभा नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे.

घरातल्या मारहाणीबद्दल थोडक्यात सांगतो. "नवराबायकोचं भांडण, आपण कशाला पडा" हे कपबशी फुटण्यापुरते ठीक. पण वहिनींच्या अंगावर वळ दिसत असतील तर आपल्या घरातल्या बाईने आधी त्यांना एकटे गाठून विचारावे, तुम्हाला काय हवे आहे म्हणून. त्यांना न विचारता गाजावाजा केला तर मार वाढतो. जिवावर बेतलेले ऐकू आले तर मात्र थेट ११२. एरवी महिलांसाठी १८१ आहे, आणि तालुक्यात संरक्षण अधिकारी असतो. प्रामाणिकपणे खबर देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे २००५ च्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे.

कोणालाही कळवताना डोळ्यांनी पाहिले ते सांगावे, मनाला वाटले ते जोडू नये. "तो खुनशीच आहे" असे न सांगता "मंगळवारी रात्री अकराला ओरडण्याचा आवाज आला, तासभर चालू होता" असे सांगितले की पुढच्याला काम करता येते. आणि कळवून आल्यावर ते पारावर सांगत बसू नये. त्यात त्या घराची बेअब्रू होते आणि पुढच्या वेळी कोणी तुमच्याजवळ मन मोकळे करत नाही.

वर दिलेले सगळे नंबर या हंगामात प्रत्येक गट ऑफिसच्या फलकावर तोडणी कार्यक्रमाच्या शेजारी लावले आहेत. ज्यांना फोनवर बोलायचा संकोच वाटतो त्यांनी आपल्या गटाच्या शेतकी मदतनीसाला सांगावे. तो तुमच्यासमोरच नंबर लावून देईल, आणि त्याची नोंद कारखान्याच्या कोणत्याही रजिस्टरला होणार नाही.